खाणकामगार, सात अक्षरं आणि चार सूर

नमस्कार मंडळी!

१८७३ सालचा उन्हाळा. लंडनमधला क्रिस्टल पॅलेस, काच आणि लोखंडाची ती अवाढव्य इमारत. तिथे समूहगायनाची मोठी स्पर्धा आहे. दक्षिण वेल्समधून रेल्वेने साडेचारशेच्या आसपास माणसं आली आहेत. कोळशाच्या खाणीत उतरणारे, लोखंडाच्या भट्टीवर राबणारे, त्यांच्या घरातल्या बायका-मुली. त्यांना गाववणारा कंडक्टर ग्रिफिथ र्‍हिस जोन्स, ज्याला सगळे कॅरॅडॉग म्हणायचे, तो मूळचा लोहार. समोर राजधानीतला कसलेला संघ. आणि जिंकले ते वेल्सचे लोक! ॲबरडेर गावच्या चौकात कॅरॅडॉगचा पुतळा आहे, हातात बॅटन, म्हणजे कंडक्टरची छडी, घेतलेला. लोहार म्हणून नव्हे, सेनापती म्हणून नव्हे, कोरस गाववला म्हणून उभारलेला पुतळा.

आजचा माझा विषय हाच आहे. दिवसभर जमिनीखाली काम करणाऱ्या माणसांना चार वेगवेगळ्या चाली एकाच वेळी, अचूक गायला शिकवल्या कुणी? आणि कशा?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. समूहाने गाणं आपल्याला नवीन नाही. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलतात. वारीत दिंडीतले शेकडो वारकरी एका अभंगात असतात. पण तिथे सगळ्यांची चाल एकच. वेल्सच्या त्या कोरसमध्ये तसं नाही. बायकांचे दोन गट: वरच्या पट्टीतला सोप्रानो, खालचा आल्टो. पुरुषांचे दोन: टेनर आणि सगळ्यांत खर्जातला बास. चौघांची चाल वेगळी, शब्द बहुधा तेच, आणि चारही चाली क्षणोक्षणी एकमेकींत बसायला हव्यात.

हे ऐकून समजत नाही, करून समजतं. घरात दुसरं कुणी असेल तर बोलवा. पेटी असेल तर काळी एक धरा, नसेल तर सोयीचा कुठलाही सा. एकाने सा लांबवायचा, दुसऱ्याने त्यावर ग धरायचा. हलायचं नाही, फक्त ऐकायचं. पेटीचा ग किंचित चढा असतो, त्यामुळे पेटी थांबवा आणि मग तो ग हळूच थोडा खाली आणा. एका ठिकाणी तो असा बसतो की दोन आवाजांमधली थरथर थांबते. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. वाद्याशिवाय गाणारा चांगला कोरस कान लावून नेमका तिथे जातो. मला समूहगायनातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच वाटते: तुमचा सूर बरोबर आहे की नाही हे शेजारच्याचा आवाज ठरवतो.

आता इतिहास. मध्ययुगीन युरोपात अशा रचना चर्चच्या आश्रयाने वाढल्या. अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या इटालियन साधूने एका स्तोत्राच्या ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून स्वरांना नावं दिली, त्यातून पुढे दो-रे-मी आलं. पण गाणारे कोण? कॅथीड्रलने पोसलेली मुलं आणि पुरुष. बायकांना त्यात जागा नव्हती. १३ एप्रिल १७४२ला डब्लिनमध्ये संगीतकार हॅन्डेलची ‘मसाया’ ही कोरसची मोठी रचना पहिल्यांदा सादर झाली तेव्हाही कोरस तिथल्या दोन कॅथीड्रलांमधून आणलेला होता. तो कार्यक्रम चर्चमध्ये नव्हता, सभागृहात होता, आणि त्याच्या पैशातून कर्जापायी तुरुंगात पडलेली माणसं सोडवली गेली. गर्दी इतकी अपेक्षित होती की बायकांनी घेरदार परकर आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात, अशी आधीच विनंती केली होती.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटलं. गिरण्यांच्या गावांत हौशी गायकांच्या संस्था निघाल्या. यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डची कोरल सोसायटी १८३६ची आहे आणि ती अजून गाते. पण अडचण होती वाचनाची. युरोपची पाच रेघांची स्वरलिपी शिकायला वेळ लागतो, शिक्षक लागतो, आणि ती छापायलाही महाग. चौदा तास काम करणाऱ्या माणसाकडे हे कुठून असणार?

इथे आपली खरी नायिका येते. सेरा ग्लोव्हर. इंग्लंडमधल्या नॉरिच शहरातल्या धर्मोपदेशकाची मुलगी. रविवारच्या शाळेत मुलांना भजनं शिकवताना तिने एक शिडी तयार केली. शिडीवर स्वरांची नावं, त्यांची नुसती पहिली अक्षरं. मुलांनी शिडीकडे बघायचं आणि गायचं. १८३५मध्ये तिने ही पद्धत पुस्तकरूपाने छापली. पुढे जॉन कर्वेन नावाच्या एका तरुण धर्मोपदेशकाला, १८४१मध्ये हल शहरात भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने काम दिलं, की गाणं शिकवायची सोप्यात सोपी पद्धत शोधा. कर्वेन स्वतः संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेला नव्हता. त्याने ग्लोव्हरची पद्धत उचलली, तिच्यात बदल केले आणि देशभर पोचवली. ‘टॉनिक सोल-फा’ हे तिचं नाव. श्रेय बहुतेक वेळा एकट्या कर्वेनला मिळतं, आणि ते बरोबर नाही.

(पडद्यावर: दो – रे – मी – फा – सो – ला – ती)

या पद्धतीत ‘दो’ पक्क्या जागेवर नसतो. गाणं कुठल्याही पट्टीत असो, त्या पट्टीचा आधारस्वर म्हणजे दो. तुमच्या चेहऱ्यावर मला आत्ताच ओळख दिसायला लागली आहे! हा आपला षड्जच आहे. गायिका पांढरी पाचमध्ये गाते, गायक काळी एकमध्ये, दोघांचा सा हा साच. लंडनच्या संगीतज्ञांना जे समजावून सांगावं लागत होतं, ते आपल्याकडे क्लासला जाणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला पहिल्या दिवशी कळतं.

लिहिण्याची रीतही बघा. प्रत्येक स्वराचं फक्त पहिलं अक्षर. सातवा स्वर युरोपात ‘सी’ होता, पण तो आणि ‘सो’ दोन्ही एकाच अक्षराने सुरू होतात म्हणून त्याचा ‘ती’ केला. वरच्या सप्तकातल्या स्वराला अक्षराच्या वरच्या बाजूला छोटी खूण, खालच्याला खाली. भातखंडे स्वरलिपीत तार सप्तकाला वर टिंब आणि मंद्राला खाली टिंब, तसंच. मात्रा दाखवायला अपूर्णविराम, विभाग दाखवायला उभी रेघ. म्हणजे छापखान्यात रोज वापरात असलेल्या खिळ्यांवर सगळं भागतं, संगीताची वेगळी जुळणी लागत नाही. कोरसचा कागद स्वस्त झाला तो असा.

आणि आता माझ्या हाताकडे बघा. कर्वेनने स्वरांना हाताच्या खुणाही दिल्या. दो म्हणजे घट्ट मूठ, कारण तो पाया. मी म्हणजे आडवा, स्थिर पंजा. फा म्हणजे खाली वळलेला अंगठा, कारण तो स्वर खाली मीकडे उतरू पाहतो. ती म्हणजे वर रोखलेलं बोट, तो वरच्या दोकडे झेपावतो. शिक्षक एक शब्द न बोलता दोन हातांनी दोन गटांना दोन वेगळ्या चाली गाववू शकतो. ही युक्ती मला फार आवडते.

हे सगळं वेल्सच्या खोऱ्यांत पोचलं तेव्हा तिथली जमीन तयार होती. कोळशामुळे र्‍हॉन्डा, मर्थर, ॲबरडेर या भागांत माणसं लोटली होती. प्रत्येक वस्तीला तिचं चॅपल, म्हणजे साधं प्रार्थनागृह. तिथे ऑर्गन असेलच असं नाही, पण माणसं होती. दारूबंदीची चळवळ जोरात होती, त्यामुळे संध्याकाळी जायला गुत्त्याखेरीज दुसरी जागा हवी होती, आणि ती जागा कोरसची तालीम झाली. १८५९मध्ये जॉन रॉबर्ट्स, टोपणनाव येआन ग्विल्ट, यांनी चॅपलमध्ये सगळ्यांनी मिळून गाण्यासाठी चालींचं पुस्तक काढलं. त्यातून ‘कमान्वा गानी’ हा प्रकार रुजला. अनेक चॅपलांचे लोक एकत्र जमतात आणि दिवसभर चार सुरांत भजनं गातात. श्रोते नसतातच, सगळे गायक.

जोसेफ पॅरी हा मर्थरचा मुलगा नवव्या वर्षी खाणीत कामाला लागला. पुढे कुटुंबाबरोबर अमेरिकेला जाऊन तिथल्या लोखंडाच्या कारखान्यात राबला, तिथेच गाणं शिकला, आणि १८७४मध्ये ॲबरिस्टविथच्या विद्यापीठ-महाविद्यालयात संगीताचा पहिला प्राध्यापक झाला. आणि क्रिस्टल पॅलेसमधला तो हरलेला लंडनचा संघ? तो टॉनिक सोल-फा असोसिएशनचाच होता. म्हणजे दोन्ही बाजूंना तीच सात अक्षरं.

१९५७ची गोष्ट सांगितल्याशिवाय मला वेल्समधून पुढे जाववत नाही. पॉल रोबसन हा अमेरिकेचा महान कृष्णवर्णीय गायक. त्याच्या राजकीय मतांमुळे सरकारने १९५०मध्ये त्याचा पासपोर्ट काढून घेतला. वेल्सच्या खाणकामगारांशी त्याचा जुना स्नेह. त्यांनी पोर्थकॉलच्या आपल्या संगीत महोत्सवात टेलिफोनची व्यवस्था केली. न्यूयॉर्कमधून रोबसन गायला, समुद्राखालच्या तारेतून त्याचा आवाज सभागृहात आला, आणि इकडून ट्रिऑर्कीच्या पुरुषांच्या कोरसने त्याला गाऊन उत्तर दिलं. पुढच्याच वर्षी त्याचा पासपोर्ट परत मिळाला.

मिशनऱ्यांबरोबर सोल-फा जगभर गेलं. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या एका मिशन शाळेतला शिक्षक इनॉक सोन्टोंगा याने १८९७मध्ये आपल्या शाळेच्या कोरससाठी ‘न्कोसी सिकेलेल इआफ्रिका’ रचलं, सोल-फाच्याच अक्षरांत. १९१२मध्ये पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झालेल्या संघटनेच्या पहिल्या अधिवेशनात ते गायलं गेलं, वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात ते लोकांच्या ओठांवर राहिलं आणि आज ते त्या देशाच्या राष्ट्रगीताचा भाग आहे.

भारतातही हे वेल्समधूनच थेट आलं. १८४१मध्ये थॉमस जोन्स हा वेल्सचा मिशनरी खासी टेकड्यांत, चेरापुंजीला पोचला. खासी लोकांचं ‘री खासी’ हे गीत आजही वेल्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवर गायलं जातं. २०१०मध्ये टीव्हीवरची स्पर्धा जिंकून घराघरांत पोचलेला शिलाँग चेंबर कॉयर याच भूमीतला. मिझोराममध्ये तर भजनांची पुस्तकं अजूनही सोल-फामध्ये छापली जातात. पाच रेघा न वाचणारी माणसं ही अक्षरं बघून नवी रचना उचलतात.

याची किंमतही मोजावी लागली, तेही सांगायला हवं. सुरुवातीच्या चर्चने मिझोंची जुनी गाणी आणि ढोल दूर ठेवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत लोकांनी तो ढोल परत आत आणला. ढोलाच्या संथ ठेक्यावर, आपल्या जुन्या गळ्याच्या वळणाने सगळ्यांनी गायची ‘लेंगखॉम झाई’ तेव्हा घडली. आज दोन्ही आहेत: कोरसचं चार सुरांतलं गाणं आणि ढोलावरचं हे गाणं. कुणाच्या घरी मृत्यू झाला की गल्लीतली तरुण मुलं संध्याकाळी त्या घरी जमतात आणि गात बसतात. आपल्याकडे दुःखाच्या घरी भजनी मंडळ येतं ना, तेच काम. अशा वेळी काय बोलावं हे कुणालाच सुचत नसतं.

महाराष्ट्रात वाट वेगळी निघाली. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचं, भजनाचं रूप दिलं, आणि माझ्या मते फार योग्य केलं. चार सुरांचा कोरस मात्र मुंबईत व्हिक्टर परंज्योतींच्या नावाने उभ्या राहिलेल्या संघात वाढला. त्याच्या कंडक्टर कूमी वाडिया यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. किती मराठी घरांत त्यांचं नाव माहीत आहे? पश्चिमेचं म्हणून आपण ते शहराच्या एका कोपऱ्यात ठेवून दिलं.

म्हणून शाळेत गाणं शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. नवीन पुस्तक नको, पियानो नको, तुमच्या विद्यार्थ्यांना सारेगम येतं तेवढं पुरे. भूपातली सोपी प्रार्थना घ्या, म आणि नी नसल्यामुळे कानाला टोचणारं फारसं काही येत नाही. अर्ध्या वर्गाला चाल द्या. उरलेल्यांना फक्त सा आणि प द्या, फळ्यावर प्रत्येक ओळीखाली कुठे सा आणि कुठे प ते लिहून ठेवा. आठवडाभर तेवढंच. मग सा धरणाऱ्यांपैकी चौघांना ग द्या आणि सांगा, मोठ्याने गायचं नाही, शेजारच्याचा आवाज ऐकू यायला हवा. पुढच्या आठवड्यात गट बदला, म्हणजे प्रत्येक मुलाला खालचा सूरही धरता येईल. पहिले दोन दिवस सगळे घसरून मुख्य चालीवर येतील. येऊ द्या, आणि पुन्हा सा द्या.