कंबोडियातल्या बट्टंबांगच्या स्वयंपाकघरातून

(दृश्य: दगडी खल, कुटणारे हात)

आधी गवती चहाचा खालचा पांढरा दांडा. अगदी बारीक चिरायचा, नाहीतर तंतू दातांत अडकतात. मग आल्यासारखा कंद गलांगल, ओली हळद, काफिर लिंबाची साल. लसूण आणि छोटे कांदे सगळ्यात शेवटी, कारण त्यांना पाणी सुटलं की बाकीचं नीट कुटलं जात नाही. हे क्रेउंग, ख्मेर म्हणजे कंबोडियन स्वयंपाकाचं वाटण. केळीच्या पानात वाफवलेला माशाचा आमोकसुद्धा यातूनच सुरू होतो.

(दृश्य: नॉम पेन्हची जुनी छायाचित्रं)

१७ एप्रिल १९७५. ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी राजधानी नॉम पेन्ह घेतली आणि शहर रिकामं करायला लावलं. पुढे घरची चूलही गेली. सगळ्यांनी सामुदायिक भोजनगृहात जेवायचं, आणि जेवण म्हणजे बऱ्याचदा चार शितं तरंगणारी पेज. भात पिकवणारे हात तेच, ताटात मात्र पाणी. भुकेपोटी काही चोरून खाल्लं, तर जिवावर बेतायचं. जानेवारी १९७९ मध्ये ही राजवट कोसळेपर्यंत उपासमार, आजार, वेठबिगारी आणि कत्तलींत सुमारे १७ लाख माणसं गेली. किती आज्यांच्या हातची चव त्यांच्याबरोबरच संपली, याची मोजदाद कोण करणार?

(दृश्य: बट्टंबांगचा बाजार)

लेखिका चांथा न्गुऑन मूळच्या इथल्या. आई व्हिएतनामी. १९७० मध्ये कंबोडियात व्हिएतनामी लोकांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा नऊ वर्षांच्या चांथाला व्हिएतनाममधलं सायगाव गाठावं लागलं. ख्मेर रूजची वर्षं त्यांनी सीमेपलीकडे काढली. तरी देश, घर, आईवडील, भावंडं, एकेक करून सगळं गेलंच. मग थायलंडच्या निर्वासित छावण्या. पोटासाठी त्यांनी कुंटणखान्यात स्वयंपाक केला, नाइटक्लबात पेयं वाढली, जखमा शिवणारी परिचारिका झाल्या, रेशीम विणलं. आईचं स्वयंपाकघर मात्र जसंच्या तसं डोक्यात होतं: कोणत्या पदार्थाला किती वेळ द्यायचा, कुठे घाई चालत नाही.

(दृश्य: स्टुंग ट्रेंग, हातमाग)

दोन दशकांहून अधिक काळानं त्या मायदेशी परतल्या. मेकाँगकाठच्या स्टुंग ट्रेंगमध्ये त्यांनी महिला विकास केंद्र उभं केलं. गरीब घरच्या बायका तिथे रेशीम विणायला आणि लिहा-वाचायला शिकल्या. २०२४ मध्ये त्यांचं आत्मकथन आलं, तेही इंग्रजीत, जगभरच्या वाचकांसाठी. त्यात मृत्यूंच्या हकिकतींशेजारीच पाककृती आहेत. वाचताना आधी जरा दचकायला होतं. पण उपाशी माणसाला आठवतं ते जेवणच, आणि चांथा ते जिन्नस आणि कृतीसकट सांगतात.