हातचा म्हणजे मोड

[दृश्य – सकाळ, वेचणी संपलेलं कपाशीचं वावर]

फेब्रुवारी महिना. कापूस घरात आलाय, काहींचा विकला गेलाय, काहींचा भावाची वाट बघत खोलीत पडलाय आणि वावरात राहिल्यात नुसत्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं. खान्देशात ही पऱ्हाटी चुलीत जाते, कुडाला लागते, आणि अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत ती गणितालाही लागते. ही दुसरीची पोरं शाळेत येता येता बारीक काड्या मोडून आणताहेत बघा. वर्गात बसल्यावर दहा-दहा काड्या मोजायच्या, सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल कापलेले रबर लावायचे की झाली जुडी. हे रबर मॅडमनी गावातल्या पंक्चरवाल्याकडून आणलेत.

[दृश्य – सतरंजी, फळ्यावर ४३ – १८]

हातच्याची वजाबाकी. यात अर्धा वर्ग दरवर्षी अडकतो, आणि अडकतो तो एकाच ठिकाणी, उत्तर येतं ३५. का येतं? तीनातून आठ जात नाहीत, म्हणून पोरं आठातूनच तीन काढतात आणि पुढे चारातून एक. पोरांना शिकवलेलंच असतं ना की मोठ्यातून लहान काढायचं, म्हणून ती तेच करतात. याला निष्काळजीपणा म्हणून लाल फुली मारली की विषय संपतो, पण पोरगं तिथंच राहतं.

मॅडम फुली मारत नाहीत. चार जुड्या आणि तीन सुट्या काड्या सतरंजीवर ठेवतात आणि अहिराणीत विचारतात, "तीनमातीन आठ कशा काढशी?"

आणि थांबतात.

[दृश्य – शांतता. कट करू नये]

हे सात सेकंद आहेत. एडिटिंगला बसलो तेव्हा आमचा हात पहिल्यांदा इथंच कापायला गेला होता, कारण काही घडत नाहीये असं वाटतं. मग समोरच्या पोरीचं बोट बघितलं, ते सुट्या काड्यांवरून जुडीकडे जातं, परत येतं, परत जातं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून हेच मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर पोरांची उत्तरं लांब होतात, एरवी गप्प बसणारीही बोलायला लागतात. त्याला ना पैसा लागतो ना टॅब.

आता ऐका, ती पोरगी म्हणते, "जुडी सोडनी पडी." जुडी सोडावी लागेल.

मागून एक पोरगा ओरडतो, "दहानी नोट मोडी तशी!"

त्याच्या घरचं किराणा दुकान आहे, मोड देणं त्याला चांगलं माहिती. रबर सुटतं, तीनाच्या तेरा होतात, तेरातून आठ गेल्या पाच, तीन जुड्यांतून एक गेली, दोन राहिल्या. पंचवीस. हातचा म्हणजे मोड, हे त्या पोराने सांगितलंय, पुस्तकाने नाही.

[दृश्य – पोरं आकडे लिहिताना]

अजून एक गोष्ट कॅमेऱ्यात आली. मॅडम 'त्रेचाळीस' म्हणाल्या आणि दोघांनी ३४ लिहिलं. नीट ऐकलं तर ते बरोबरच लिहिताहेत, कारण कानावर आधी तीन पडतो आणि मग चाळीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस तीन' अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं ना, भाषा बुडाली वगैरे. आमचं स्पष्ट मत आहे की पोरांची ही आकडा उलटा ऐकू येण्याची अडचण खरी होती. या वर्गात दोन्ही चालतं, आधी चाळीस तीन म्हणायचं, जुड्या दाखवायच्या, मग त्रेचाळीस.

[दृश्य – वही, क्लोजअप]

ही वही जरा थांबून बघा. चित्राखाली लिहिलंय 'डोया'. पुढे 'फय'. त्याच्या खाली 'शाया'. तीन शब्द, तिन्ही चुकीचे, असं कुणीही म्हणेल. पण तिन्हीत चूक एकच आहे, ळ च्या जागी य, आणि ती चूक नाहीच, अहिराणीचा नियम आहे, पोरगं तो न चुकता पाळतंय. जॉर्ज ग्रियर्सन या भाषाशास्त्रज्ञाने भारतातल्या भाषांचं जे सर्वेक्षण केलं त्यात १९०७ सालीच खान्देशीची, म्हणजे अहिराणीची, वेगळी नोंद झाली, पण शाळेत आपण तिला अशुद्ध मराठीच म्हणत आलो. हे निवेदन लिहिणाऱ्यानेही तिसरीत 'आहे'ऐवजी अहिराणीतलं 'शे' म्हटलं म्हणून हातावर छडी खाल्लीय, आणि त्यानंतर वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही.

मॅडम काय करतात, वहीत दोन रकाने आखतात. एकावर 'घरनं', दुसऱ्यावर 'पुस्तकातलं'. डोया, डोळा. फय, फळ. पाच-सहा जोड्या झाल्या की पोरांनाच नियम सापडतो, आणि मग ती स्वतःहून नवे शब्द आणतात, हा मुलगा बघा 'केयी-केळी' सांगायला उभाच राहिलाय. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यातही लिहिलंय की शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तेच, घरची भाषा. नंदुरबारकडे धडगाव-अक्कलकुव्याला पोरं पावरी आणि भिली बोलत शाळेत येतात, पुस्तकाच्या मराठीपासून ते अंतर तर याहून मोठं, तिकडे आमचं शूटिंग झालं नाही.

दिवाळीनंतर काही पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, ती या चित्रणात नाहीत.

[दृश्य – सुट्टीची घंटा, काड्या गोळा करताना]

सुट्टी झाली तरी पळायचं नाही, आधी जुड्या बांधायच्या. शेवटच्या जुडीत नऊच भरल्या. आख्खा वर्ग वाकून शोधतोय, मॅडमही. दहावी काडी सतरंजीच्या घडीत होती.