चीनमध्ये उद्या मतदान झालं तर…

(दृश्य : ओझरजवळची द्राक्षबाग. वरून सुखोई जातं.)

हा आवाज ओझरकरांच्या सवयीचा. बागेत विरळणी करणाऱ्या बाया मानसुद्धा वर करत नाहीत. इथला विमान कारखाना १९६४चा, मिग-२१साठी उभा राहिलेला. त्याआधी दोनच वर्षं आपण चीनकडून हरलो होतो. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि त्यांच्या जागी यशवंतराव दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, तो हाच प्रसंग. १९६३मध्ये त्यांना बिनविरोध लोकसभेवर पाठवलं ते आपल्या नाशिकनं.

चीनमध्ये लोकशाही आली की सीमेचा तंटा मिटेल, अशी आशा बरेच जण बोलून दाखवतात. मला तसं वाटत नाही.

ईशान्येकडची भारत-चीन सीमा ठरवणारी मॅकमहोन रेषा माओच्या आधीच्या च्यांग कै-शेक सरकारलाही मान्य नव्हती. दक्षिण चीन समुद्रावर हक्क सांगणारा १९४७चा अकरा रेघांचा नकाशाही त्याच सरकारचा. ते १९४९मध्ये तैवानला गेलं, नकाशा बरोबर घेऊनच. पुढे तिथं लोकशाही रुजली. १९९६मध्ये लोकांनी थेट मतदानानं राष्ट्राध्यक्ष निवडला. तरी २०१६मध्ये दक्षिण चीन समुद्रावरचा चीनचा हक्क नाकारणारा हेगच्या लवादाचा निकाल आला, तेव्हा तो चीननं फेटाळला तसा तैवाननंही फेटाळला. राष्ट्राध्यक्ष साई इंग-वेन दुसऱ्याच दिवशी युद्धनौकेवर जाऊन नौसैनिकांशी बोलल्या. मतदारांसमोर जायचं असलं की जमिनीवरचा दावा सोडणं उलट अवघडच होतं.

एक मात्र बदललं. चीनची मुख्य भूमी बळानं परत घेण्याची भाषा तैवाननं १९९१मध्ये सोडली. तैवान लहान आहे, हे कारण आहेच. पण दारोदार मतं मागायची, तर तुमचा पोरगा कशासाठी लढायला न्यायचा हेही त्याच दारात सांगावं लागतं.

(दृश्य : लासलगाव बाजार समिती. कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग.)

हे दार आपल्याला नवं नाही. डिसेंबर २०२३मध्ये निवडणुकीच्या तोंडावर कांदा निर्यातबंदी झाली, शहरात भाव चढू नयेत म्हणून. बांगलादेशाची अडचण झाली, इथं लिलावात भाव कोसळले. मे २०२४मध्ये बंदी उठली. जूनमध्ये दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री हरल्या, आणि त्यात कांद्याचा वाटा मोठा होता. शेजाऱ्याशी आपण नीट वागलो असं मी म्हणणार नाही. पण जाब विचारला गेला.

(दृश्य : पुन्हा ओझर. संध्याकाळ.)

जून २०२०. गलवान. आपले वीस जवान गेले, हे देशाला दुसऱ्याच दिवशी कळलं. चीननं स्वतःचे चार गेल्याचं सांगितलं ते फेब्रुवारी २०२१मध्ये. त्या आकड्यावर शंका घेणारा तिथला एक ब्लॉगर तुरुंगात गेला. मधले आठ महिने त्या चौघांच्या आयांना उघडपणे रडताही आलं नसेल.