पुड्याचं तोंड उघडं ठेवा

[दृश्य : संध्याकाळ. दुकानांच्या ओळीत एक अरुंद खिडकी. खिडकीसमोर रांग.]

या खिडकीवर दरपत्रक लावलेलं नाही. लावायला दोन ओळींच्या वर काही नाहीच. मोठा पुडा, लहान पुडा. आत तळलेले बटाटे, म्हणजे आपले फ्रेंच फ्राइज, आणि वर मीठ. बास.

बसायला जागा नाही. पैसे द्यायचे, पुडा घ्यायचा आणि वाटेला लागायचं. मोठ्या पुड्यात एका माणसाचं पोट भरतं, आणि साध्या हॉटेलात एकाचं जेवण होतं तेवढ्या पैशांत इथं चौघांचे पुडे होतात. इतकं स्वस्त आणि इतकं चांगलं एकाच खिडकीतून कसं येतं, हे मला समजून घ्यायचं होतं. म्हणून मी इथं तीन संध्याकाळी आले. पहिल्या दिवशी नुसती खायला. दुसऱ्या दिवशी वही आणि घड्याळ घेऊन. तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंची परवानगी काढून, कॅमेरा आणि थर्मामीटर घेऊन थेट कढईपाशी.

[दृश्य : रांगेतली माणसं, पाठमोरी.]

पहिल्या दिवशी माझ्यापुढे बारा जण होते. पाऊण तास जाणार, असं धरून मी उभी राहिले. नऊ मिनिटांत खिडकीपाशी पोचले.

दुसऱ्या दिवशी मोजलं. वीस मिनिटांत सव्वीस गिऱ्हाइकं सुटली, म्हणजे मिनिटाला एकाहून थोडी जास्त. पुढच्या माणसांच्या संख्येला या आकड्यानं भागलं की आपला नंबर कधी लागणार ते कळतं. हिशोब घरगुती वाटतो, पण बँकेपासून टोलनाक्यापर्यंत कुठल्याही रांगेला, ती सरासरीनं एकसारखी चालत असली की, तो लागू पडतो. याची गणिती सिद्धता जॉन लिटल यांनी 1961 साली मांडली. रांग किती लांब आहे यापेक्षा ती किती वेगानं सुटते ते बघा, मग लांब रांगेची धास्ती वाटत नाही.

ही रांग वेगानं सुटते, कारण खिडकीपाशी येऊन कुणी विचार करत उभं राहत नाही. आतून एकच प्रश्न येतो, "मोठा की लहान?" उत्तर येईपर्यंत पुडा भरायला घेतलेला असतो.

निवड कमी असली की माणूस सुखी होतो, असं आपण नेहमी ऐकतो. त्यामागे बहुतेक वेळा एक प्रयोग असतो. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. दुकानात 24 प्रकारचे जॅम मांडले, तेव्हा चव घ्यायला थांबलेल्यांपैकी 3 टक्के लोकांनी खरेदी केली. सहाच मांडले, तेव्हा 30 टक्क्यांनी. आकडे लक्षात राहण्यासारखे आहेत खरे. पण अशा पन्नास प्रयोगांचा एकत्र ताळा 2010 साली घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. त्यामुळे या खिडकीचं यश मी त्या खात्यावर टाकणार नाही. माझ्या मते खरं कारण गिऱ्हाइकाच्या डोक्यात नाही, आतल्या तेलात आहे.

[दृश्य : कढई. जाळीची टोपली तेलात उतरते. बुडबुडे.]

नीट बघा. बटाटा पडला की तेल उकळायला लागलं असं वाटतं. तेल उकळत नसतं. हे बुडबुडे बटाट्यातल्या पाण्याचे आहेत. कच्च्या बटाट्यात सुमारे 80 टक्के पाणी असतं. तेल 180 अंशांच्या आसपास, पाण्याची वाफ होते 100 अंशांना. त्यामुळे पृष्ठभागाजवळचं पाणी वाफ होऊन जोरात बाहेर पडतं. जोवर वाफ बाहेर येतेय, तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. तळणीचा आवाज ऐकून आई सांगायची, "झालं बघ आता." ती याच वाफेचा आवाज ऐकत असायची. पाणी सरत आलं की आवाज बारीक होतो.

मग बटाटा तेल पितो कधी? मलाही वाटायचं, कढईत असताना. तसं नाही. बरंचसं तेल तो बाहेर काढल्यावर पितो. काप निवू लागतो, आतली वाफ आकसते, बारीक छिद्रांत पोकळी होते, आणि बाहेर चिकटलेलं तेल त्या पोकळीत ओढलं जातं. म्हणून टोपली वर आल्यानंतरचे पहिले काही क्षण महत्त्वाचे.

[दृश्य : मालकांचा हात. टोपली कढईच्या काठावर आपटते.]

हा हात पाहा. टोपली वर आली की दादा तिला काठावर तीनदा आपटतात आणि मग सात-आठ हिसके देतात. लगेच. बोलणं चालू असलं तरी वाक्य अर्धं सोडून. मी विचारलं, "दादा, जरा निथळू दिलं तर चालत नाही का?" ते म्हणाले, "निथळायची वाट बघितली तर तेल आतच जातं की, ताई." छिद्रं, पोकळी यातलं काही मी त्यांच्याकडून ऐकलं नाही. हाताला मात्र ते पाठ आहे.

घाणे दोन असतात. पहिला दुपारी, मंद आचेवर, 150 अंशांच्या आसपास. काप आतून शिजतात, रंग येत नाही. मग ते पसरून गार करायचे. दुसरा घाणा गिऱ्हाईक समोर आल्यावर, कडक तेलात, दोन-अडीच मिनिटं. यात वरचं कवच सुकतं आणि खरपूस रंग येतो. या रंगामागे साखर आणि अमिनो आम्लं यांची जी अभिक्रिया असते, ती लुई-कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1912 साली वर्णन केली. पावाच्या कवचाचा रंग आणि भाजलेल्या कॉफीचा वास यांतही तीच.

माझ्या थर्मामीटरवर तेल 184 दाखवत होतं. एक टोपली उतरली आणि ते 167 वर आलं. पुढचा घाणा टाकायच्या आधी दादा तेल पुन्हा तापू देतात, मग रांगेत कितीही माणसं असोत. घाई करून दोन टोपल्या एकदम टाकल्या तर तेल थंडावतं, कवच धरत नाही आणि काप तेलकट, लिबलिबीत होतात.

आता याच कढईत दुसरा पदार्थ आणून बघा. मासे तळले तर वास राहतो. पिठात घोळवलेलं काही सोडलं तर चुरा खाली बसतो, जळतो आणि तेल लवकर काळं करतो. प्रत्येकाचं तापमान वेगळं, वेळ वेगळी. म्हणजे दुसरी कढई आली, दुसरं तेल, दुसरा माणूस, दुसरा साठा आणि रात्री उरलेला दुसरा माल. तो उरलेला माल शेवटी आपल्याच पुड्याच्या किमतीत धरला जातो. इथं एकच पदार्थ आहे, आणि तोही न विकला गेला तर कच्चा बटाटा म्हणून उद्यापर्यंत टिकतो. इथली स्वस्ताई हलक्या मालातून आलेली नाही, काही वाया जात नाही म्हणून आलेली आहे. मालाच्या बाबतीत ही दोघं मुळीच हात आखडत नाहीत.

[दृश्य : कोपऱ्यात रचलेली बटाट्यांची पोती.]

पोती सावलीत, हवा खेळेल अशी ठेवलेली आहेत. फ्रिजमध्ये एकही बटाटा नाही. फार थंडाव्यात बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते, आणि असा बटाटा तळला की आतून शिजायच्या आधी बाहेरून काळवंडतो. शिवाय 2002 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की पिष्टमय पदार्थ कडक तापमानाला तळले-भाजले की त्यांत ॲक्रिलअमाइड तयार होतं. ते शरीराला चांगलं नाही. रंग जितका गडद, तितकं ते साधारणपणे जास्त. काप पाण्यात भिजवून धुतले की वरची साखर निघून जाते, आणि सोनेरी रंगावर थांबलं की धोका कमी होतो. इथं दोन्ही होतं. एक टोपली जरा गडद झाली, ती दादांनी बाजूच्या डब्यात ओतली. पुड्यात भरली नाही. रांगेत अकरा माणसं उभी असताना.

तेलाबद्दल मी थेट विचारलं, कारण स्वस्त तळण म्हटलं की पहिली शंका तिथंच येते. तेल वापरून वापरून बिघडतं, तेव्हा त्यात ध्रुवीय संयुगं वाढत जातात, आणि ती 25 टक्क्यांच्या आसपास गेली की ते तेल टाकून द्यावं, असं अनेक देशांचे नियम सांगतात. दादा रोज रात्री तेल गाळतात आणि फेस किंवा धूर दिसू लागला की बदलतात. मीठ कढईपासून लांब, वेगळ्या परातीत लावतात, म्हणजे ते तेलात पडत नाही.

[दृश्य : कागदी पुडा भरला जातोय. वाफ.]

आता पुड्याकडे येऊ. पार्सल म्हटलं की खरी परीक्षा पुढे असते.

पहिल्या दिवशी मी चूक केली. पुड्याचं तोंड दुमडलं, पुडा पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि घरी नेला. वीस मिनिटांनी उघडला तर आतून वाफेचा भपकारा आला. काप ओले, वातड. एक उचलला तर मधोमध वाकला. मला वाईट वाटलं, आणि मनातल्या मनात मी दोष खिडकीला दिला.

तिसऱ्या दिवशी एकाच घाण्यातले दोन पुडे घेतले. एक गाठ मारून, एक उघडा. खिडकीपाशीच उभी राहून पाच-पाच मिनिटांनी दोन्हींतला एकेक काप मोडून बघितला. मोडल्यावर आवाज येतो का, एवढंच ऐकायचं.

[दृश्य : दोन पुडे शेजारी. बोटांत काप. आवाज जवळून.]

पाच मिनिटं. उघडा कडकन मोडला. बंद मोडला, पण दबक्या आवाजात.

दहा मिनिटं. उघड्याचं टोक अजून कुरकुरीत. बंद पुड्यातला काप मोडलाच नाही, वाकला.

वीस मिनिटं. उघडासुद्धा मऊ पडला होता. कवच कोरडं असतं आणि गर ओलसर, त्यामुळे आतला ओलावा हळूहळू कवचाकडे सरकत राहतो. ते कागदाला थांबवता येत नाही. पण उघड्या पुड्यातला काप निदान कोरडा होता. घरी नेऊन गरम तव्यावर तेलाशिवाय दोन मिनिटं परतला, आणि त्यातला बराचसा कुरकुरीतपणा परत आला. बंद पुड्यातला परतूनही चामट राहिला.

आणि मग मला ते आठवलं. तिन्ही दिवस पुडा हातात देताना ताई, म्हणजे मालकीणबाई, एकच वाक्य बोलत होत्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला. रांगेच्या गलबल्यात मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. "तोंड उघडं ठेवा हं." मी त्यांना विचारलं, दिवसभर तेच तेच सांगून कंटाळा येत नाही का? त्या म्हणाल्या, "यांनी दुपारपासून केलेलं असतं सगळं. घरी जाऊन मऊ निघालं तर?" आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. "मोठा की लहान?"

[दृश्य : रात्र. रांग संपलेली. कढईखालची आच बंद.]

रात्री सव्वानऊला शेवटची टोपली निघाली. तिच्यातून एक मोठा पुडा भरला आणि तळाशी मूठभर काप उरले. ते दोघांनी उभ्या उभ्याच खाल्ले. दादांनी पहिला काप मोडून कानाशी धरला, मग तोंडात टाकला.

नंतर तेल गाळायला घेतलं. मोठ्या गाळणीतून संथ, सोनेरी धार, आणि खाली डब्यात चमचाभर काळा चुरा. ताईंनी गल्ला मोजला, परात धुतली, खिडकीची फळी अर्धी खाली ओढली.

"उद्या किती?" दादांनी विचारलं.

ताईंनी पोत्यांकडे बघितलं. "उद्या शनिवार. एक जास्त सोलू."