येरवड्याची काळी दगडी इमारत

श्रोतेहो, नमस्कार. येरवडा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तुरुंगाची भिंत उभी राहते. त्याच येरवड्यात काळ्या दगडाची, गॉथिक धाटणीच्या कमानींची एक दुमजली वास्तू झाडांच्या गर्दीत उभी आहे. ती म्हणजे डेक्कन कॉलेज. आज तिच्याविषयी आणि तिच्या आवारातल्या काही खोल्यांविषयी बोलावे, असे मनात आहे.

या संस्थेचा जन्म मात्र येथला नव्हे. पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांनी, 1821 मध्ये, विद्वानांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून मुंबईचा गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. पेशव्यांचा वाडा, पेशव्यांचीच दक्षिणा आणि चालक इंग्रज, असा तो चमत्कारिक योग होता. पुढे तिचे पूना कॉलेज झाले, 1864 मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि 1868 मध्ये संस्था येरवड्याच्या नव्या वास्तूत आली. नकाशा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी अभियंत्याचा होता आणि खर्चाचा मोठा भार जीजीभाई या पारशी घराण्याच्या एक लाख रुपयांच्या देणगीने उचलला. दक्खनचा काळा पाषाण आणि विलायती टोकदार कमान यांची सांगड सगळीकडे साधतेच असे नाही. येथे ती साधली आहे, असे मला वाटते.

मुख्य इमारतीपेक्षा मला वसतिगृहातली एक साधी खोली अधिक ओढ लावते. 1870 च्या दशकात तेथे बाळ गंगाधर टिळक नावाचा विद्यार्थी राहत असे. अभ्यास बाजूला ठेवून पहिले वर्ष त्याने शरीर कमावण्यात घालवले, ही हकिकत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गोपाळ गणेश आगरकरांशी त्याची गाठ याच कॉलेजात पडली आणि स्वतःची शाळा काढण्याचे दोघांचे बेत येथेच शिजले. ती शाळा, न्यू इंग्लिश स्कूल, 1880 मध्ये उघडली. टिळकांची खोली आज स्मारक म्हणून जपलेली आहे. राजद्रोहाच्या पहिल्या शिक्षेच्या अखेरीस, 1898 मध्ये, टिळक पुन्हा येरवड्यातच होते, पण तुरुंगात, हे त्या खोलीच्या दाराशी उभे राहिल्यावर आठवल्यावाचून राहत नाही.

1934 मध्ये सरकारने हे कॉलेज बंद केले. दगड शाबूत राहिले आणि विद्यार्थी गेले. तेव्हा माजी विद्यार्थ्यांचा संघ स्वस्थ बसला नाही. त्याने न्यायालयाचे दार ठोठावले, आणि 1939 च्या ऑगस्टमध्ये दारे पुन्हा उघडली ती पदव्युत्तर अध्ययन आणि संशोधन करणाऱ्या संस्थेची म्हणून. बी.ए.चे वर्ग गेले. हसमुख सांकलिया, इरावती कर्वे, सुमित्र मंगेश कत्रे असे अभ्यासक आले. त्याच सुमारास साताऱ्याहून इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचा संग्रह येथे आला आणि मराठ्यांच्या इतिहासाचे संग्रहालय उभे राहिले.

पुरातत्त्वाचे संग्रहालय हे या आवाराचे दुसरे वैभव आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला येथील मंडळींनी बरीच वर्षे उत्खनन केले. सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे तेथील शेतकरी आपली मृत लेकरे मातीच्या कुंभांत ठेवून राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत असत. ते कुंभ पाहताना कालगणनेचे आकडे मनातून जातात. उरते ते लेकरू घराबाहेर धाडायला तयार नसलेल्या आईबापांचे मन. निदान मला तरी तसेच वाटते.

शेवटी संस्कृत कोशाच्या विभागात जाऊ. ऐतिहासिक तत्त्वांवर, म्हणजे शब्दाचा अर्थ काळानुसार कसा बदलत गेला हे दाखवत, संस्कृतचा बृहत्कोश रचण्याचे काम कत्रे यांनी 1948 मध्ये सुरू केले. सुमारे 1500 ग्रंथांतून शब्द टिपले गेले आणि प्रत्येक शब्द संदर्भासह कागदाच्या चिठ्ठीवर उतरला. अशा जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तेथे खणांच्या कपाटांत लावून ठेवलेल्या आहेत. पहिला भाग छापून यायला 1976 साल उजाडले. त्यानंतर तीसहून अधिक भाग निघाले, आणि ते सगळे अजून ‘अ’ या एकाच अक्षराचे आहेत.