निळीच्या पिंपातलं हिरवं कापड

पिंपातून वर येणारं हे कापड पाहा. निळीत बुडवलंय, पण दिसतंय हिरवट-पिवळं. चुकलं काही? नाही. थोडं थांबा. वारा लागला की कडेपासून हिरवा उतरत जातो, आधी मोरपंखी होतो, मग निळा.

खरं तर निळीच्या पानात तयार निळा रंग नसतोच. पानं पाण्यात आंबवायची, मग ते पाणी घुसळघुसळ घुसळायचं. हवा मिसळली की तळाशी निळा गाळ बसतो. तीच नीळ. पण ती पाण्यात विरघळत नाही. म्हणून चुना, गूळ घालून पिंपात पुन्हा आंबवायची. तेव्हा कुठे ती विरघळून धाग्यात शिरते, आणि बाहेर हवा लागताच तिथेच अडकून बसते.

हे माणसाला कधी उमगलं? पेरू देशातल्या हुआका प्रिएता इथे निळीने रंगवलेले सुमारे ६,००० वर्षांपूर्वीचे सुती तुकडे सापडलेत. मोहेंजोदडोच्या सुताला मंजिष्ठेच्या मुळांचा लाल रंग आहे. मंजिष्ठेची तऱ्हा मात्र वेगळी: तिला धातूच्या क्षाराची सोबत लागते. सूत आधी हिरड्याच्या पाण्यातून काढायचं. मग तुरटी दिली तर लाल, हिराकस (लोखंडाचा क्षार) दिला तर काळपट जांभळा. मूळ एकच! हळदीला असली सोबत लागत नाही, पण उन्हात तिचा रंग टिकतही नाही.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा १८ वर्षांचा पोरगा हिवतापावरचं औषध क्विनीन बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. १८६८ मध्ये मंजिष्ठेसारख्या मुळांतल्या लाल रंगाचं मुख्य द्रव्य जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालं. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि वनस्पतींचे रंग मागे पडले.

पण जुनं ते सगळं सोवळं समजू नका. बिहारातल्या चंपारणमध्ये 'तीनकठिया' नावाची सक्ती होती: बिघ्याच्या २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठ्यांत नीळ लावायची, कुळाची इच्छा असो वा नसो. कृत्रिम निळीने भाव पाडले, तेव्हा मळेवाल्यांनी तोटा कुळांच्याच माथी मारला. १९१७ साली गांधीजी तिथे गेले ते याच तक्रारींसाठी.

आज वनस्पतींचे रंग परत येताहेत. तुर्कस्तानात १९८१ पासून गालिचे विणणाऱ्या खेड्यांत ते पुन्हा शिकवले गेले; जुन्या गालिच्यांतले रंग आधी प्रयोगशाळेत ओळखून. पण 'नैसर्गिक' एवढ्या चिठ्ठीवर भुलू नका. रंग पानाचा, आणि तो पक्का करायला क्रोमियमचा क्षार वापरला, तर ओढ्यात जाणारं पाणी विषारीच. विचारायचं ते हे: रंग कशाने बांधला? पाणी किती लागलं, कुठे सोडलं? लोध्राच्या झाडात ॲल्युमिनियम साठतं, त्याची साल तुरटीचं काम करते. पण साल ओरबाडली तर झाड जातं. रंगासाठी डाळिंबाची साल, कांद्याची टरफलं बरी. ती फेकलीच जाणार असतात.

इकडे कापड सुकलंय. फिकं वाटतं? अजून पाच बुड्या बाकी आहेत.