पाहुण्याच्या डाव्या हाताशी

(इंदूरमधल्या मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

घरी पाहुणे जेवायला यायचे असले की आपली सगळी ताकद स्वयंपाकघरात जाते. चक्का कधी टांगायचा, पुरण किती घालायचं, भुट्ट्याचा कीस वाढेपर्यंत गरम कसा राहील, याचा विचार दोन-तीन दिवस आधी सुरू होतो. आणि पानं मांडायच्या वेळी फ्रिजवरची कागदी नॅपकिनची गड्डी उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली जाते. पाहुण्याचा उजवा हात तुपाने माखलेला असतो, गड्डी दोन माणसांच्या पलीकडे असते. मागायचा संकोच वाटतो म्हणून तो बोटं ताटाच्या कडेला पुसतो आणि पुढचा घास घेतो.

हा संकोच त्याच्यावर येऊच नये, ही यजमानाची जबाबदारी आहे असं मी मानते. टेबलाच्या रीतीभातींवर बोलताना पाहुण्याने कसं बसावं, कसं खावं हेच नेहमी सांगितलं जातं. मला यजमानाने काय करून ठेवावं यावर बोलायचं आहे. पाहुण्याला जे लागणार आहे ते मागण्याआधी त्याच्या हाताशी असावं, एवढंच माझं म्हणणं आहे आणि कापडी नॅपकिन हा त्यातला मला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग आहे.

जेवताना हात पुसायला वेगळं कापड ही फार जुनी पद्धत. प्राचीन रोममध्ये मेजवानीला जाणारा पाहुणा पुष्कळदा आपलं कापड घरूनच न्यायचा आणि परतताना खायचे पदार्थ त्यातच बांधून आणायचा. युरोपात काटा सगळीकडे रुळायला सतरावं-अठरावं शतक उजाडलं. त्याआधी तिथेही माणसं बोटांनीच जेवत. मोठ्या घरांत जेवणाआधी हातांवर पाणी घातलं जाई आणि पुसायला लांब कापड पुढे केलं जाई. पुढे काटा आला, बोटं कोरडी राहू लागली आणि नॅपकिनला ओठ टिपण्यापुरतंच काम उरलं. आज शिष्टाचाराच्या वर्गात शिकवतात तो हा नंतरचा नॅपकिन. मांडीवर हलकेच पसरायचा, ओठांना टेकवायचा, मध्येच उठावं लागलं तर खुर्चीवर ठेवायचा, जेवण संपल्यावर सैलसर ताटाच्या डावीकडे. काट्याचमच्याने जेवणाऱ्याला हे सगळं शोभतं आणि पुरतंही.

आपल्या शहराने हा थाट आधी राजवाड्यांत पाहिला. लालबाग राजवाडा १८८६ पासून १९२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने उभा राहिला. त्यातलं मेजवानीचं दालन युरोपीय धर्तीचं आहे. पुढे १९३० च्या दशकात यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांनी माणिकबाग राजवाडा सजवला, तेव्हा टेबलावरची चांदी पॅरिसच्या ज्याँ प्युइफोर्का यांच्या हातची होती. आणि गावातल्या मराठी घरांमधून पाट, रांगोळी, केळीचं पान आणि पाण्याचा तांब्या असा साज होता. आज आपल्या बहुतेकांच्या घरी टेबल आहे, खुर्च्या आहेत, पण वरणभात आपण हातानेच कालवतो. म्हणून आपल्याला नॅपकिन हवा तो जुन्या कामाचा, हात पुसणारा.

बघा ना, आपण पाहुण्याला काय वाढतो? थंडीत गराडू हा कंद, तळून वर जिरावण मसाला भुरभुरवलेला. सकाळचे पोहे, त्यावर शेव, बाजूला पाक गळणारी जलेबी. पुरणपोळीवर तुपाची धार. या बोटांना पातळ कागद लावला की त्याचा लगदा होतो आणि तुकडे बोटांनाच चिकटतात. पाहुणा ते तुकडे सोलत बसतो. हॉलमध्ये खुर्च्यांना जुळणारे चकचकीत सॅटिनचे नॅपकिन देतात ना, ते तर कागदाहूनही निरुपयोगी, कारण पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही. तेल एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जातं, एवढंच. सुताचा धागा पाणी पिऊन फुगतो. म्हणून कापड सुतीच हवं. खादी चालेल, साधं मांजरपाट चालेल, आणि सगळ्यात सुरेख म्हणजे अनेक धुण्यांनी मऊ झालेली जुनी सुती साडी. आजीच्या साडीची गोधडी होते हे आपल्याला ठाऊक आहे. तिच्या धडक्या भागातून नॅपकिनही होतात, फक्त पोत विरलेला नको. आपल्यापासून सुमारे ९० किलोमीटरवर महेश्वरला इतकं देखणं विणकाम होतं, मग त्याचे नॅपकिन का नकोत, असं मला विचारतात. माहेश्वरीत बहुधा ताणा, म्हणजे उभा धागा, रेशमाचा असतो. हळदीच्या हातांसाठी ते वस्त्र नाही. महेश्वरचं निव्वळ सुती कापड मिळालं तर जरूर घ्या.

माप सांगते. जेवणाचा नॅपकिन ४५ ते ५० सेंटिमीटरचा चौरस असावा. चहा-फराळाला २५ ते ३० पुरे. एक मीटरपेक्षा थोडा जास्त पन्हा असलेलं एक मीटर कापड घेतलंत तर कडा दुमडूनही चार मोठे नॅपकिन निघतात. कापड कापायच्या आधी रात्रभर भिजवून धुऊन घ्या. सूत आटतं, आणि नव्या कापडाला लावलेली खळ निघाल्याशिवाय ते पाणी धरत नाही. नवा नॅपकिन ‘पुसतच नाही’ अशी तक्रार येते ती याच खळीमुळे. कपडे मऊ करणारी द्रावणं वापरू नका, धाग्यावर त्यांचा थर बसतो. इस्त्रीला कडकपणा हवाच असेल तर भाताची पेज अगदी पातळ करून लावा. आणि हंस, कमळ, पंखा अशा घड्या घालू नयेत असं माझं मत आहे. ज्या कापडाने पाहुणा तोंड पुसणार त्याला आपले हात जितके कमी लागतील तितकं बरं. एक चौकोनी घडी पुरे.

आता हळदीचे डाग. बहुतेक जणी याच भीतीने कापड वापरत नाहीत, म्हणून जरा सविस्तर. आमटीचा डाग साबणाच्या पाण्यात घातला की एकदम लालसर होतो आणि आपण घाबरतो. हळदीतला रंग, कर्क्यूमिन, क्षाराशी असाच वागतो. साबण निघून गेला की तो पुन्हा पिवळट होतो. हा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून आधी तेल काढायचं: डागावर कोरडं डाळीचं पीठ चोळून झटकायचं आणि मग ऊन पाण्यात साबणाने धुवायचं. उरलेला पिवळेपणा उन्हावर सोपवायचा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. इंदूरच्या एप्रिलच्या उन्हात ओला नॅपकिन गच्चीवर पसरा, डाग फिका पडत जाताना दिसेल. राहिलाच तर पुन्हा ओला करून पुन्हा उन्हात. म्हणून पांढरा किंवा मळखाऊ नसलेला फिका रंग घ्या. गडद रंग उन्हात विटतो आणि डाग लपवतो, आणि पाहुण्यापुढे ठेवायच्या कापडात काही लपलेलं असू नये.

एक गोष्ट मात्र आपली आहे, ती शिष्टाचाराच्या वर्गात कोणी सांगणार नाही. युरोपातल्या घरांमध्ये एकच नॅपकिन अनेक जेवणांना वापरत आणि कोणाचा कुठला हे कळावं म्हणून कडी घालून ठेवत. ती नॅपकिनची कडी आपण हौसेने विकत आणतो. पण आपल्याकडे उष्ट्या-खरकट्याचा विचार आहे. तोंड पुसलेलं कापड उष्टं. ते घडी करून पुन्हा पुढे आलेलं घरातल्या ज्येष्ठांना रुचत नाही, आणि मला त्यांचं म्हणणं आरोग्याच्या दृष्टीनेही पटतं. एका जेवणाला एक नॅपकिन, आणि मग तो थेट धुण्यात. कडी शोभेला ठेवायची तर ठेवा.

तो ठेवायचा कुठे? डावीकडे. आपलं पान वाढण्याची रीत बघा: मीठ वर मध्यभागी, लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-उसळ उजवीकडे, केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. उजवा हात खरकटा असतो. बाकीचं सगळं काम डाव्या हाताचं. म्हणून नॅपकिन डावीकडे आणि माझ्या मते पाण्याचं भांडंही डावीकडेच. पेला उजवीकडे ठेवण्याची पद्धत काटेवाल्यांची. आपल्या पाहुण्याला एक तर हात आडवा न्यावा लागतो, नाहीतर खरकट्या हाताने पेला धरावा लागतो. मांडी घालून जमिनीवर बसणाऱ्यांसाठी नॅपकिन डाव्या गुडघ्यावर.

नॅपकिन कितीही चांगला असला तरी पाण्याची जागा घेत नाही. कालवलेला भात बोटांच्या पेरांपलीकडे जातो. हॉटेलातल्या लिंबाच्या वाटीत फक्त बोटांची टोकं बुडतात. घरी बेसिन कुठे आहे हे जेवण सुरू व्हायच्या आधी दाखवून ठेवा, म्हणजे शेवटी खरकटा हात वर धरून कोणाला विचारावं लागत नाही. साबण आणि शक्य तर कोमट पाणी असावं, कारण थंड पाण्याने तूप निघत नाही. आणि खुंटीवर सगळ्यांसाठी एकच ओला टॉवेल नको. छोटे सुती रुमाल टोपलीत घडी घालून ठेवा, शेजारी वापरलेले टाकायला दुसरी टोपली. ज्या आजी-आजोबांना उठून बेसिनपर्यंत जाणं जड जातं त्यांच्यासाठी तस्त आणि गडू घेऊन जागेवरच हातावर पाणी घाला. ही आपली जुनी पद्धत आहे आणि नातवंडांना ते काम द्यावं. मुलं फार मनापासून करतात.

वाढण्याबद्दल थोडंच बोलते. डाव, पळी ताटाला टेकता कामा नये. टेकली की पुढच्याला ती उष्टी. ‘सावकाश होऊ द्या’ म्हटल्याखेरीज कोणी सुरुवात करायची नाही आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय उठायचं नाही, हे पंगतीत होतं, ते टेबलावरही राहू द्या. फोन टेबलावर नको, यजमानाचा तर मुळीच नको.

आग्रहाबद्दल मात्र स्पष्ट बोलते. एकदा विचारा, हवं तर प्रेमाने दुसऱ्यांदा विचारा. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला की थांबा. आज प्रत्येक घरात कोणाला तरी मधुमेह आहे, कोणाला तूप वर्ज्य आहे, आणि प्रत्येकाने चारचौघांत आपलं दुखणं सांगावं अशी अपेक्षा आपण का ठेवायची? जिलबी जबरदस्तीने पानात टाकली की ती एक तर तब्येतीला बाधते, नाहीतर पानात राहते, आणि पानात टाकू नये हेही आपणच शिकवलेलं. पाहुणा दोन्हीकडून अडचणीत. बोलावतानाच फोनवर विचारा, ‘काही पथ्य आहे का?’

शहराचाही एक मुद्दा आहे. २०१७ पासून वर्षानुवर्षं आपण देशात स्वच्छतेत पहिले आलो. ओला, सुका, प्लॅस्टिक असा कचरा आपण घरातच वेगळा करतो. इंदूरच्या देवगुराडिया भागात २०२२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करू शकतो. हे सगळं अभिमानाचं आहे. पण तेलाने माखलेल्या कागदाचा पुन्हा कागद होत नाही, आणि दहा माणसांच्या जेवणात एवढ्या गड्ड्या संपतात की वेगळं करण्याआधी तो कचरा जन्मालाच घालू नये असं मला वाटतं. कापड धुवायला पाणी लागतं, हे खरं. नॅपकिनसाठी वेगळी मशीन लावू नका, रोजच्या धुण्यातच घाला.

मोठ्या कार्याचं काय, असं तुम्ही विचारणार. मुंज, साखरपुडा, दोनशे पानं. तिथे दोनशे कापडी नॅपकिन शिवा असं मी सांगणार नाही. घरात वीस-पंचवीस असले की सणावाराला पुरतात आणि मैत्रिणींनी एकाच मापाचे शिवले तर चार घरचे मिळून शंभर होतात. कोपऱ्यात दोऱ्याची खूण घातली की परतही नीट येतात. तेवढेही नसले तर वडीलधाऱ्यांच्या आणि लहान मुलांच्या पंगतीला कापड द्या, बाकीच्यांसाठी हात धुण्याची जागा वाढवा. केटररशी बोलताना आपण पदार्थांची यादी तीनदा तपासतो. त्यातच हेही ठरवून घ्या: हात धुवायला किती नळ, साबण कोण ठेवणार, पुसायला काय, आणि पंगत उठताना तिथे उभं कोण राहणार.